डेक, खुर्ची की केबिन?

एक्स्चेंज प्रोग्रॅम किंवा मास्टर्ससाठी युरोपात आहात आणि सुट्टीत ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचा प्लॅन शिजतोय? अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्री फेरी सुटते आणि पहाटे क्रीटला लागते. प्रवास आठ-नऊ तासांचा. तिकीट काढताना प्रश्न एकच : केबिनचे जास्तीचे पैसे मोजायचे का?

सगळ्यात स्वस्त तिकीट डेकचं. नाव डेक असलं तरी आतल्या लाउंजमध्ये बसता येतं. पण सोफे आधी येणाऱ्यांचे! त्यावर विमानासारखी नंबरवाली खुर्ची. केबिनमध्ये मात्र बंक, चादर, टॉयलेट आणि शॉवर. चौघांचा ग्रुप असेल तर चार बेडची केबिन वाटून घ्या. एकटे असाल तर शेअर केबिनमधला एकच बेड मिळतोय का, ते बघा. त्यात मुलं-मुली वेगवेगळ्या असतात.

हिशेब नुसत्या तिकिटाचा नको, दुसऱ्या दिवसाचाही करा. तुम्ही उतरणार पहाटे सहाच्या आसपास आणि हॉस्टेलचं चेक-इन दुपारी. दिवसभर बीचवर लोळायचं असेल तर डेक बिनधास्त घ्या. स्वेटर तेवढा हाताशी ठेवा, एसी कडक असतो. पण त्याच सकाळी सामारिया घळीचा 16 किलोमीटरचा ट्रेक करायचा असेल, तर झोपेत काटकसर नको. त्या घळीत गाडीरस्ता नाही. पाय थकले तरी चालावंच लागतं. बोट लागण्याचा त्रास असेल तरीही आडवं पडायला जागा असलेली बरी.