महामार्गाचे रुंदीकरण आणि आपले २१ दिवस

आपला धंदा रस्त्यानेच वाढविला. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेले मोमीन विणकर आग्रा रोडच्या कडेनेच मालेगाव, भिवंडीत स्थायिक झाले. आजही सूत याच रस्त्याने येते, कापड याच रस्त्याने जाते. तेव्हा रस्ता रुंद होऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यात कोणाचा गाळा जाणार, बाजाराकडे वळायची वाट कोठे राहणार, हे ठरते तेव्हा आपण हजर असतो काय?

आमच्या ओळखीच्या एका रंगाऱ्याचा गाळा असाच गेला. नोटीस मराठी वर्तमानपत्रात आली होती. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे. घरी उर्दू अखबार येतो. बारीक टाइपातील ती नोटीस कोणी वाचलीच नाही. मोजणीवाले दारात आले तेव्हा मुदत संपली होती.

राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ च्या कलम ३ए खाली सरकार जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात जाहीर करते. त्याचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील. कलम ३सी प्रमाणे अधिसूचनेपासून २१ दिवसांत, जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला कारणांसह लेखी हरकत घेता येते. सक्षम अधिकाऱ्याने तिचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, मग ती स्वतः येवो की वकील पाठवो. पुढे कलम ३डी ची घोषणा झाली की जमीन सरकारची होते आणि वाद उरतो तो मोबदल्याचा.

मोबदल्यातही आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्च कलम ३जी मध्ये धरला आहे. शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून महामार्गालाही लागू आहेत. स्वतःची जमीन नसलेले भाडेकरू आणि कारागीरही त्यात बाधित धरले जातात. मात्र संपादनापूर्वी तीन वर्षे तेथे काम आणि मुख्य उपजीविकेचे नुकसान दाखवावे लागते. कारागीर व छोट्या व्यापाऱ्याच्या कुटुंबाला किमान २५,००० रुपये एकरकमी साहाय्य आहे.

म्हणून भाडेपावत्या, वीजबिले, दुकानाचा परवाना आजच एका फाइलीत लावा. नुसता “आमचा विरोध आहे” असा अर्ज उपयोगाचा नाही. सेवारस्ता कोठे हवा, भुयारी मार्ग कोठे, मालट्रक कोठे उतरणार, हे नकाशावर दाखवून मागा आणि अर्जाची पोच घ्या. ज्या मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणाची जनसुनावणी लागते, तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. तेथेही हजर राहा.

कुरआन शरीफमध्ये सल्लामसलतीच्या नावाची एक सूरहच आहे, सूरह शूरा. मशवऱ्याचा हा दरवाजा कायद्यानेही उघडा ठेवला आहे. प्रत्येक व्यापारी संघटनेने मराठी नोटिसा वाचणारा एक तरुण नेमावा आणि जुम्याच्या नमाजनंतर त्या उर्दूत वाचून दाखवाव्यात. एवढ्याने किती गाळे वाचतील ते अल्लाह जाणे. पण बेखबरीने एकही जाणार नाही.