भयाची गोडी

‘पुराना मंदिर’ हा रामसे बंधूंचा भयपट १९८४ साली निघाला. तो आदिलाबादला लागला तेव्हा मी शाळकरी होतो. वडिलांना न सांगता थोरल्या भावासोबत पाहिला. चित्रगृहात किंकाळी उठे आणि तिच्या पाठोपाठ हशा पिके. रात्री परतताना मात्र भावाच्या सदऱ्याचे टोक मी सोडले नाही. आणि तरीही चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच रांगेत! पदरचे पैसे मोजून भय विकत घेण्याची ही कसली हौस?

पुढे एम. ए.ला रससिद्धान्त अभ्यासताना याचा काहीसा उलगडा झाला. भरतमुनींनी भयानक हा स्वतंत्र रस मानला. त्याचा स्थायिभाव भय. अभिनवगुप्ताने त्याच्या विवेचनासाठी ‘शाकुंतला’तील हरिण निवडले. दुष्यंताच्या बाणाला भिऊन ते पळते, मान वळवून मागे पाहते. प्रेक्षकाला भय जाणवते. पण ते ना त्याचे स्वतःचे, ना शत्रूचे, ना मित्राचे. स्थळकाळाची बंधने गळून पडतात आणि निखळ भय तेवढे आस्वादाला उरते. बाण आपल्या रोखाने सुटलेला नाही, हे त्यातले मर्म. शरीराला ते उमगत नाही. छाती धडधडते, तळव्यांना घाम फुटतो. संकट खोटे आहे हे मन जाणून असते, म्हणून तीच धडधड सुटकेच्या आनंदात विरते. शेजारी कोणी असले तर तो आनंद दुणावतो. (नारायण धारपांची कथा एकट्याने वाचणारा निदान दिवा तरी जवळ ठेवतो!)

अलीकडे पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातील वाघ नदी ओलांडून आमच्या जिल्ह्यात, भीमपूरच्या बाजूला येऊ लागले आहेत. शिवारात गुरे मारली गेली की ऐन वेचणीत मजूर शेतात जायला धजत नाहीत. पण फुटलेला कापूस किती दिवस थांबणार?

अशाच एका हंगामात, मधल्या सुट्टीत, मुले ओट्यावर मोबाइलवर भयपट पाहत होती. मी रागावणार तोच दिसले, असल्या खेळात नेहमी पुढे असणारा एक मुलगा दूर भिंतीला टेकून बसला होता.

“तू का रे पाहत नाहीस?”

“सर, आई कापूस वेचायला गेली आहे.”

मुलांनी मोबाइल बंद केला.

शाळा सुटल्यावर तो घरी गेला नाही. शिवारातून येणाऱ्या वाटेकडे डोळे लावून वेशीपाशी उभा राहिला. दोघेचौघे सवंगडीही थांबले, मीही थांबलो. दिवेलागणीच्या सुमारास बायकांच्या बोलण्याचा आवाज आला, तसा तो धावत सुटला.