घरगुती थर्मोस्टॅट : मोजण्याकडून आवरण्याकडे

अमेरिकेतील घरे उबदार ठेवणाऱ्या भट्टीचे नियंत्रण १९५३पासून हनीवेल कंपनीच्या टी-८७ या गोल थर्मोस्टॅटने अनेक ठिकाणी सांभाळले. त्यातील दोन धातूंची गुंडाळलेली जोडपट्टी तापमानानुसार आवळे वा उलगडे, तिच्यावरची काचेची नळी कलंडे आणि नळीतील पारा सरकून विद्युतमंडल जुळे किंवा तुटे. या तारांत बहुधा २४ व्होल्टचाच दाब असल्यामुळे हौशी तंत्रज्ञांना पुढे तिथे हात घालणे तुलनेने सुरक्षित ठरले.

प्रक्रियक, स्मृती आणि आदान-प्रदानाच्या वाहिन्या एकाच चिपवर सामावणारा मायक्रोकंट्रोलर, उदाहरणार्थ इंटेलचा १९८०चा ८०५१, भट्टी चालू-बंद करण्याचे हे काम सहज करू शकत होता. परंतु त्याच्या पुनर्लेखनक्षम आवृत्तीतील प्रोग्राम पुसायला अतिनील किरणांचा दिवा लागे. इटलीतील इव्रेया येथे २००५ साली साकारलेल्या आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर-फलकामुळे केबल जोडून प्रोग्राम बदलणे सोपे झाले, आणि नाण्याएवढ्या बॅटरीवर वेळ राखणाऱ्या घड्याळ-चिपमुळे दिवसरात्रीचे वेगवेगळे तापमान ठरवता आले.

खरी कसोटी मात्र मोजण्यात नव्हती. डीएस१८बी२० हा अंकीय संवेदक एक-षोडशांश अंशाच्या पायरीने तापमान सांगतो, पण त्याची अचूकता नेहमीच्या पल्ल्यात अर्ध्या अंशाच्या आसपासच असते. म्हणून रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच, सतत खटखटू नये यासाठी चालू आणि बंद होण्याच्या तापमानांत मुद्दाम अंतर ठेवावे लागते. याहून गंभीर प्रश्न बिघाडाचा आहे. या संवेदकाची तार निसटली, तर आर्डुइनोवरील त्याची प्रचलित प्रणाली उणे १२७ अंश हा आकडा देते. तो खरा मानणारा प्रोग्राम घर गोठले असे समजून भट्टी पेटतीच ठेवील. वीज नुकतीच आल्यावर, पहिले मापन होण्याआधी, हाच संवेदक ८५ अंश सांगतो आणि उलटी चूक घडवतो. असे आकडे नाकारणे, प्रोग्राम अडकल्यास चिप पुन्हा सुरू करणारा पहारेकरी-काळमापक वापरणे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे मंडल तोडणारा स्वतंत्र यांत्रिक स्विच रिलेच्या रांगेत बसवणे, हीच चांगल्या रचनेची लक्षणे होत.

२०१४मध्ये ईएसपी८२६६ या स्वस्त वाय-फाय चिपमुळे दूरनियंत्रणही आवाक्यात आले. तरी जाळे खंडित झाले म्हणून घर थंड पडू नये, यासाठी विचारी रचनाकारांनी भट्टीचा निर्णय भिंतीवरच्या चिपकडेच ठेवला.