डिझाइन म्हणजे नक्की काय?

‘डिझाइन’ हा शब्द आपल्या घराघरांत रुळला आहे; पण त्याला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो की एकही पुरा पडत नाही. शहापूरच्या मागावर ती नक्षी होते, कुंभाराकडे घाट, घर बांधताना आराखडा, तर पाटबंधारे खात्यात संकल्पचित्र.

आपल्याच भागातील उदाहरणे घेऊ. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्टांचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधविली. तिच्या छतातील कमळाला ७२ पाकळ्या आहेत : भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन चोविशींतील तीर्थंकरांच्या. येथे आकृती अर्थ सांगते. बेळगावच्याच फाउंड्रीत लाकडी पॅटर्न मूळ वस्तूहून किंचित मोठा करतात, कारण थंड होताना धातू आकसतो. आणि वाळूचा साचा न मोडता तो निघावा म्हणून त्याच्या बाजूंना थोडा उतार देतात. यात डोळ्यांना सुखावणारे काही नाही. पण ते चुकले तर ओतकाम भंगारात जाते. निपाणीत विडीचे पान ज्या पत्र्याच्या मापाने कातरतात, त्याला तर कोणी डिझाइन म्हणतही नाही. विडीचा आकार मात्र तेच ठरवते.

मग या सर्वांना कवेत घेणारी व्याख्या कोणती? अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली ती मांडली : आहे त्या स्थितीतून हव्या त्या स्थितीकडे नेणारी योजना म्हणजे डिझाइन. त्यांनी रोग्याला औषध योजणाऱ्या वैद्यालाही त्यात बसविले. व्याख्या मोठी आहे, पण वैद्य म्हणून मला ती अपुरी वाटते. ओतलेले लोखंड तक्रार करीत नाही; रोगी करतो. एकाच खोकल्याच्या दोन रोग्यांना आम्ही होमिओपॅथ निरनिराळी औषधे देतो, ती दोघांचे ऐकून घेतल्यावरच. ‘हवी ती स्थिती’ कोणाला हवी, हे सायमन यांची व्याख्या सांगत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. जुना सोपा पाडून बांधलेल्या घराचे ‘डिझाइन’ सुरेख झाले, असे आपण म्हणतो, तेव्हा मनात असते ती नक्षी. त्याच घरात रात्री न्हाणीकडे जाताना गुळगुळीत फरशीवर आजी घसरतात आणि खुबा मोडतो. छतावर खर्च झाला, फरशीबद्दल आजींना कोणी विचारले नाही.

क्षेत्रागणिक व्याख्या बदलेल, बदलू द्या. मात्र वस्तू कोणतीही असो, जो ती वापरणार त्याला आधी विचारले का, एवढे पाहिल्याशिवाय तिच्या डिझाइनला चांगले म्हणू नये.