घरातली वीज – ७ : आठशेचा ओव्हन, साडेबाराशेची वायर

गेल्या रविवारी कळंब्यातल्या एका अपार्टमेंटमधून काकूंचा फोन आला. "मायक्रोवेव्ह झकास चालतोय, पण प्लगला हात लावला की चटका बसतोय. आठशे वॅटचाच तर आहे, आमची इस्त्रीसुद्धा हजाराची हाय."

घोळ त्या आठशेतच आहे. पुढे ठळक लिहिलेले ८०० वॅट म्हणजे अन्नाला मिळणारी शक्ती. ओव्हन भिंतीतून किती ओढतो, ते मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरात असतं. काकूंना चष्मा लावून वाचायला सांगितलं, तर तिथं १२५० निघाले. मधले साडेचारशे मॅग्नेट्रॉन (सूक्ष्मलहरी तयार करणारा भाग), ट्रान्सफॉर्मर, पंखा आणि दिवा यांत खर्ची पडतात. ओव्हनमागून येणारा गरम वारा बराचसा त्यांचाच. वायरिंगला मात्र पूर्ण साडेबाराशेचं ओझं वाहावं लागतं. २३० व्होल्टने भागलं की सुमारे साडेपाच अँपिअर.

"मग पॉवर निम्म्यावर ठेवू?" ठेवा, पण साध्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन मंद होत नाही. तो काही सेकंद पूर्ण जोरात चालतो, काही सेकंद गप्प बसतो. कान दिला तर घरघर बदललेली ऐकू येते. म्हणजे चालू असताना प्लगमधून जाणारे अँपिअर तेवढेच. इन्व्हर्टर जातीचे ओव्हन तेवढे खरोखर शक्ती कमी करतात.

कळंबेकरांना व्होल्ट-अँपिअर समजवायला तलाव दारातच आहे. या तलावाचं पाणी कोल्हापूर शहरात नुसत्या उतारानं गेलेलं आहे. उतार म्हणजे व्होल्ट, नळातून वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर. ही उपमा फार ताणू नये, कारण नळाचा सांधा सैल झाला तर पाणी गळतं आणि लगेच दिसतं. तारेचा सांधा सैल झाला तर वीज गळत नाही, तो सांधाच तापतो. तोही भिंतीच्या आत, कुणाला न दिसता.

संध्याकाळी जाऊन बघितलं. ओव्हनचा प्लग जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा. ओट्याजवळ सॉकेट सहाचं. मध्ये चाळीस-पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर खुपसलेला. साडेपाच अँपिअर सहात बसतात, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण त्याच सॉकेटवर अनेक वर्षं मिक्सर चालला होता. आतल्या पितळी पात्या पसरलेल्या, एक स्क्रू ढिला. अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम धरा. अँपिअरचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे पंधरा वॅट उष्णता, नखाएवढ्या जागेत. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी!

"मग एमसीबी का पडला नाही?" हा प्रश्न काकूंच्या मुलाचा, आणि या आठवड्याचा खरा मुद्दा. एमसीबी फक्त अँपिअर मोजतो. सैल सांध्यामुळे अँपिअर वाढत नाहीत, उलट किंचित कमीच होतात. प्लग वितळेपर्यंत तो निवांत बसून राहील. आणि जास्तीचा भार आला तरी तो लगेच पडतोच असं नाही: प्रमाणानुसार सोळाच्या एमसीबीने अठरा अँपिअरला तासभर न पडता टिकायला हवं. त्याचं काम भिंतीतली तार राखण्याचं, सॉकेटच्या पात्या राखण्याचं नाही.

वायरमनने काळवंडलेलं टोक कापून टाकलं, मेन बोर्डापासून अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी तार ओढली आणि सोळाचं सॉकेट बसवलं. ओव्हनचं झाकण उघडून "आतून साफ करू का" असं त्याने विचारलं, तेव्हा मात्र मी त्याचा हात धरला. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो.

मग काकूंनी पांढरा रस्सा पाच मिनिटं गरम केला. खर्च साधारण एक दशांश युनिट. प्लग गार होता. सॉकेटच्या वरच्या जाड भोकात अर्थिंगची तार मात्र आलीच नव्हती, नुसतं भोक होतं. ती कहाणी पुढच्या आठवड्यात.