तीन कळसूबाई, दर महिन्याला

वाचकाला गोष्ट हवी असते, कागद नव्हे. मग कागदावर पैसा कशाला घालवायचा? फ्रँक मन्सी या अमेरिकन प्रकाशकानं १८९६ साली हा हिशेब केला आणि आपलं ‘आर्गसी’ मासिक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापायला घेतलं. १९२ पानं, एका अंकात सुमारे १ लाख ३५ हजार शब्द, पानांच्या कडा न कापलेल्या, किंमत दहा सेंट. चित्र एकही नाही, मुखपृष्ठावरसुद्धा नाही. काही हजारांत असलेला खप सहा वर्षांत पाच लाखांवर गेला. अंक सेंटिमीटरभर जाड धरा. महिन्याचे पाच लाख अंक एकावर एक रचले तर पाच किलोमीटर उंची भरते, म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई. आणि हे फक्त एका मासिकाचं.

या कागदामुळे अशा मासिकांना ‘पल्प’ म्हणू लागले. पुढे स्टॉलवर पल्पांची इतकी दाटी झाली की आपलं मासिक उठून दिसायला चित्राशिवाय इलाज उरला नाही. आतला कागद भिकार आणि वर गुळगुळीत, लालपिवळं, किंचाळणारं मुखपृष्ठ, असा थाट ठरून गेला. १९३१ मध्ये ‘द शॅडो’ निघालं तेव्हा प्रकाशकानं पहिल्या अंकाला एक जुनंच चित्र वापरलं. त्यात चिनी माणूस होता, म्हणून लेखकाला कथानकात चिनी वस्ती घुसवावी लागली. चित्र आधी, गोष्ट मागाहून.

तो लेखक वॉल्टर गिब्सन. पेशानं जादूगार आणि पत्रकार, हुदिनीसारख्या जादूगारांसाठी पडद्याआडून लिहिणारा. ‘द शॅडो’ सुरुवातीला तीन महिन्यांनी निघायचं, मग महिन्याला, मग महिन्यातून दोनदा. प्रत्येक अंकात एक अख्खी कादंबरी. १९४९ मध्ये मासिक बंद पडेपर्यंत अशा ३२५ कादंबऱ्या झाल्या आणि त्यातल्या २८२ एकट्या गिब्सनच्या, त्याही मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावानं. वर्षाला २४ कादंबऱ्या, प्रत्येकी ६० हजार शब्द असं धरलं तर साडेचौदा लाखांच्या आसपास शब्द होतात. रविवार, नाताळ, ताप, पाहुणे, काहीही मध्ये आलं तरी रोजचे जवळपास चार हजार. टाइपरायटरवर. त्याच काळात लेस्टर डेंट हा लेखक ‘डॉक सॅव्हेज’ या पल्पच्या १८१ कादंबऱ्यांपैकी बहुतेक हातावेगळ्या करत होता. दर साधारण शब्दाला एक सेंट. असल्या लेखनाला दर्जा कसला, असं विचारणाऱ्यांना ‘ब्लॅक मास्क’ हे पल्प दाखवावं. डॅशिएल हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ ही कादंबरी १९२९-३० मध्ये तिथंच क्रमशः आली.

मराठी वाचकाला हे आकडे ऐकून बाबूराव अर्नाळकर आठवणारच. झुंजार आणि काळापहाड जन्माला घालणाऱ्या या माणसाच्या १९३६ ते १९८४ मधल्या १०९२ रहस्यकथांची नोंद गिनीज बुकात झाली होती. वर्षाला सरासरी बावीस-तेवीस. त्यांची पुस्तकं गिब्सनच्या कादंबऱ्यांहून बारीक होती हे खरं, पण जवळपास अर्धशतक तो वेग टिकवणं सोपं नव्हे. शिवाय अर्नाळकरांनाही मुखपृष्ठाला चित्रकार रघुवीर मुळगावकर लाभले होते.

चित्रकारांचा वेग लेखकांपेक्षा कमी नव्हता. नॉर्मन साँडर्स १९३५ ते १९४२ या काळात वर्षाला शंभरेक मुखपृष्ठं रंगवायचा, आठवड्याला दोन. पण मला चटका लावतो तो मार्गारेट ब्रंडेज यांचा हिशेब. शिकागोच्या या बाईंनी ‘वीअर्ड टेल्स’ या पल्पसाठी १९३२ ते १९४५ मध्ये ६६ मुखपृष्ठं केली, तीही पेस्टल खडूनं. सही ‘एम. ब्रंडेज’, त्यामुळे चित्रकार बाई आहे हे वाचकांना बराच काळ कळलंच नाही. नुसती फुंकर मारली तरी भुकटी उडावी अशी ती चित्रं. मासिकाचं कार्यालय १९३८ मध्ये न्यूयॉर्कला हललं आणि असली नाजूक चित्रं तिकडं पाठवणं जिकिरीचं झालं, तसं त्यांचं कामही रोडावलं. मानधन चित्रामागे ९० डॉलर. त्या दरानं ६६ चित्रांचे होतात ५,९४० डॉलर.

आता दुसरा आकडा. एडगर राइस बरोज यांची ‘टारझन’ पहिल्यांदा छापली गेली ती ‘ऑल-स्टोरी’ या पल्पच्या ऑक्टोबर १९१२ च्या अंकात. लेखकाला मिळाले ७०० डॉलर. त्या अंकाची एक प्रत २००६ मध्ये लिलावात ५९,७५० डॉलरला गेली. महागाईचा हिशेब सोडून देऊ, पण मूळ मानधनाच्या ८५ पट पैसे एका जुन्या प्रतीला मिळाले. ब्रंडेजबाईंच्या तेरा वर्षांच्या कमाईच्या दहापट. लिहिणाऱ्याच्या आणि रंगवणाऱ्याच्या घामाला जो भाव नव्हता, तो रद्दीत न गेलेल्या कागदाला आला.

रद्दीत जाणं हेच या मासिकांचं प्राक्तन होतं. लगद्याच्या कागदात आम्ल असतं. तो आधी पिवळा, मग तपकिरी, मग पापडासारखा होतो. जे घरात उरलं त्यातलं कितीतरी दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत गेलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आज पल्पचे सुमारे १४ हजार अंक आहेत. आकडा मोठा वाटतो, पण ‘लव्ह स्टोरी’सारख्या एकाच साप्ताहिकाचे हजारावर अंक निघाले होते.

‘लव्ह स्टोरी’ १९२१ मध्ये सुरू झालं आणि डेझी बेकन या संपादक बाईंनी १९२८ पासून ते जवळपास दोन दशकं चालवलं. भरभराटीच्या काळात खप आठवड्याला सहा लाखांपर्यंत होता. बावन्न आठवड्यांचे तीन कोटींवर अंक. तरीही संग्राहक धावतात ते मुखवटेवाले नायक, राक्षस आणि मंगळवासी यांच्यामागे. प्रेमकथांची मासिकं तुलनेनं स्वस्तात सुटतात. कुणाला हा नाद आजपासून लावून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत आहे. खिशाला परवडतं, आणि अमेरिकेतल्या टायपिस्ट आणि दुकानांत काम करणाऱ्या मुली मंदीच्या दिवसांत कसली स्वप्नं पाहत होत्या ते टारझनपेक्षा इथं जास्त कळतं. अंक वाचायचा मात्र टेबलावर सपाट ठेवून, दोन्ही हातांनी पान उलटत.