संत्र्याची कोशिंबीर



काटोल-नरखेडच्या बागांत आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात. मोठे फळ बाजाराला जाते, बारीक फळ मागे राहते. ते कवडीमोलाने विकण्याआधी टोपलीभर घरी ठेवा. पुष्कळ मुलांच्या अंगात रक्त कमी असते. हरभऱ्यात लोह आहे खरे, पण त्यातले थोडेच अंगी लागते. संत्र्यातले ‘क’ जीवनसत्त्व सोबत असले, की जास्त लागते. म्हणून दोन्ही एकाच ताटात यावीत.

वाटीभर मोडाचे हरभरे वाफवून निवू द्या. चार संत्र्यांच्या फोडी बिया काढून घाला. एक पेरू चिरा; त्यात तर ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याहून अधिक. परदेशात अशा कोशिंबिरीत ॲव्होकाडो नावाचे लोण्यासारखे मऊ फळ घालतात. आपल्याला मूठभर दाण्याचा कूट पुरे. वरून मीठ, जिरेपूड, कोथिंबीर.

संत्रे चुलीवर चढवू नका. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नासते. फळे चिरली, की लगेच वाढा. आणि जेवणावर चहा नको बरं का! तो लोह अंगी लागू देत नाही.

गुरुजी, एकदा शाळेत ही कोशिंबीर मुलांच्याच हातून करवून घ्या. घरी जाऊन तीच आईला सांगतील.